आजचं अमूर्त चित्र: गायतोंडेंचा वारसा की गायतोंडेंची नक्कल?

पिंपळपान:
मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत अमूर्त (ओळखू येणारी माणसं-वस्तू नसलेल्या) चित्रांचं प्रदर्शन लागलं की अर्ध्या भिंतींवर तेच: मधोमध धूसर पट्टा, वरखाली एकाच रंगाच्या छटा, शीर्षक ‘अनटायटल्ड’. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट पात्याने) थर चढवायचे, खरवडायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची. पण त्याआधी मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात (डिप्लोमा 1948) आकृतीवर हात बसवला होता. लघुचित्रांचा अभ्यास करता करता त्यातली माणसं वगळली आणि रंगांची मांडणी तेवढी ठेवली. आजच्यांनी नेमकं काय वगळलंय? कलेचा इतिहास न पचवता अमूर्त रंगवणं म्हणजे गणित न सोडवता मागच्या पानावरचं उत्तर उतरवणं.

रंगखडी:
आणि स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले? 1950च्या दशकातले गायतोंडे बघा, क्ले उघड दिसतो. त्यांना नकलाकार म्हणायची हिंमत आहे का?

पिंपळपान:
क्ले मागे पडला ना पण! 1970च्या चित्रांत शोधून दाखवा.

गेरू:
आधी आकृती, मग अमूर्त, हा क्रम सगळ्यांच्या गळ्यात का मारायचा? चित्रकार नसरीन मोहमदी मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये (तिथे कलावंतांचे स्टुडिओ होते) गायतोंडेंच्या सहवासात होत्या. पुढे 1972पासून बडोद्याला शिकवू लागल्या, आणि त्या काळात कागदावर उरल्या फक्त शाई-पेन्सिलीच्या काटेकोर रेघा. गायतोंडेंचा संयम घेतला, रूप नाही. चित्रकार प्रभाकर बरवे बनारसला विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, तिथे तंत्रमार्गातल्या प्रतिमांकडे वळले. हाही इतिहासच, फक्त तो वर्गात भेटला नाही.

पिंपळपान:
दोन्ही उदाहरणं माझ्याच कामाची! दोघांनीही घेतलेलं मोडून पाहिलं.

रंगखडी:
बाजाराबद्दल कुणी बोलणार की नाही? 2013मध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीच्या मुंबईतल्या लिलावात गायतोंडेंचं एक चित्र 23 कोटींच्या वर गेलं, पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन. त्यानंतर दिवाणखान्यात ‘तसलंच काहीतरी’ हवं असणारं गिऱ्हाईक वाढणारच. चित्रकाराला घरभाडं भरायचं असतं.

पिंपळपान:
भाडं भरा की. त्याला साधना म्हणू नका, एवढंच. कॅटलॉगमधलं ते ‘अंतर्मनाचा प्रवास’ वाचवत नाही.

गेरू:
कॅटलॉगबद्दल शंभर टक्के सहमत. पण ‘आधी पाच वर्षं पुतळे काढा’ हा इलाज मला मान्य नाही. 1857 साली सुरू झालेल्या जे.जे.तली ती शिस्त विलायती अभ्यासक्रमातून आलेली. तीच एकमेव पायरी म्हणायची, तर वारली भिंतीपासून सुरुवात करणाऱ्या मुलीला काय सांगणार?

पिंपळपान:
तिला काही सांगायची गरज नाही. तिच्या हातात आधीच काहीतरी आहे. माझं भांडण रिकाम्या हातांशी आहे.