२००६च्या गाडीचं आतलं प्लास्टिक: रंगवू की नुसतं साफ करू? सल्ला हवा

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. घर गोव्यात, माशेलला. गाडी २००६ची हॅचबॅक, बाबांनी घेतलेली. इंजिन ठणठणीत आहे, बाहेरचा रंग गेल्या वर्षी करून घेतला. पण दार उघडून आत बसलं की मन खट्टू होतं. दारं ओढायच्या मुठींवरचा मऊ काळा थर गुळासारखा चिकट झालाय, हाताला काळं लागतं. एसीच्या बटणांभोवतीची चंदेरी पट्टी उडालीय. डॅशबोर्डचा वरचा भाग उन्हानं पांढरट पडलाय. आणि चालकाच्या दाराचा आर्मरेस्ट बाबांच्या कोपरानं घासून गुळगुळीत झालाय.

जुलैत एका दुकानात दाराचा खालचा कप्पा नमुना म्हणून रंगवून घेतला. पंधरवड्यात नखानं कांद्याच्या सालीसारखा रंग निघाला. आता स्वतःच करावं म्हणतो. गणेश चवथीला सगळे घरी येतात, त्याआधी झालं तर बरं. काय घ्यावं, कुठून सुरुवात करावी?

जुनाबाजार
चवथीआधी रंगाला हात लावू नका. पावसात हवेतली ओल पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. स्प्रेतला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंगात दुधासारखी झाक येते. फवारणी डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी दव सुकल्यावर. तोवर साफसफाई करा, ती कधीही चालते.

दुसरं, कप्पा काढून मागची बाजू बघा. टोकदार कंसांत अक्षरं कोरलेली असतील, ती इथे टाका.

मांडवीकाठ
कप्प्यामागे ‘पीपी-टीडी२०’ आहे. एसीच्या पट्टीमागे ‘एबीएस’.

जुनाबाजार
मग रंग का सुटला ते कळलं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर साधा रंग धरतच नाही, कढईच्या नॉनस्टिकसारखा स्वभाव. आधी अ‍ॅडहेशन प्रमोटरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, पातळ हात लागतो. रंगाच्या दुकानात त्याला सरसकट ‘प्लास्टिक प्रायमर’ म्हणतात, पण डब्यावर पॉलिप्रॉपिलीन किंवा पीपी लिहिलंय का ते वाचून घ्या. एबीएस ही प्लास्टिकची दुसरी जात, तिच्यावर रंग सहज बसतो, तिथे उलटी काळजी: जहाल थिनरनं एबीएस मऊ पडतं, ताण असलेल्या जागी बारीक तडे जातात.

तुकडा पाण्यात टाकून ओळखायची युक्ती कुणी सांगेल. साधं पीपी तरंगतं हे खरं, पण ‘टीडी२०’ म्हणजे तुमच्या कप्प्यात वीस टक्के टाल्क (दगडाची भुकटी) आहे, ते बुडेल आणि तुम्ही फसाल. अक्षरांवर विश्वास ठेवा.

केपेंकर
चिकट मुठींबद्दल मी सांगतो, यातून दोन गाड्या बाहेर काढल्यात. तो मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा मिळाली की पाण्यामुळे त्याच्या साखळ्या तुटतात आणि थर विरघळल्यासारखा होतो. आपल्याकडची हवा त्याला मानवतच नाही. त्यावर पावडर लावा, पॉलिश लावा, महिन्याभरात पुन्हा तेच. त्यावर रंग मारला तर रंगही त्याच्याबरोबर सरकतो. तो थर पूर्ण काढणं हाच उपाय.

आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, नव्वद टक्क्यांच्या वरचं. औषधाच्या दुकानात बहुधा सत्तर टक्के मिळतं, त्यानं काम रेंगाळतं. जुन्या बनियनचा तुकडा भिजवून मुठीवर दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. दारं उघडी, पंखा चालू, हातात मोजे, आसपास उदबत्तीसुद्धा नको. पहिल्या तासात घाण आणखी पसरल्यासारखी वाटेल, धीर सोडू नका. खाली बहुतेक वेळा छान काळं कडक प्लास्टिक निघतं आणि रंगायची गरजच उरत नाही. माझ्या दोन्ही गाड्यांत तसंच झालं.

काचा वर-खाली करायच्या बटणांपाशी मात्र थांबा. रात्री उजळणाऱ्या बटणांत खाली पांढरं अर्धपारदर्शक प्लास्टिक असतं, वर काळा थर आणि त्यात खोदलेली चिन्हं. तो थर गेला की चिन्हही गेलं आणि सगळं बटण दिव्यासारखं उजळतं. तिथे फडकं ओलसर, एकदाच फिरवायचं.

रापणकार
रंगाचं काम मी हौसेनं करतो, बाणस्तारीला राहतो, म्हणजे तुमच्या शेजारीच. खरी मेहनत फवारणीच्या आधीची. आतल्या प्लास्टिकचा सगळ्यात मोठा शत्रू डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश. त्यातलं सिलिकॉन राहिलं की ताज्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. वीस वर्षं कुणी ना कुणी ते फासलेलं असणारच. भांड्यांच्या साबणानं आणि मऊ ब्रशनं दोनदा धुवा, सुकवा, मग आयसोप्रोपिलनं पुसा, दर वेळी कापडाची नवी घडी. आता त्यावर स्वच्छ पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर झालं, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर पुन्हा धुवा. मी चार-चारदा धुतलंय.

पॉलिश पेपर वापरायचा मोह आवरा, डॅशबोर्डची चामड्यासारखी नक्षी त्यानं सपाट होते आणि परत येत नाही. राखाडी रंगाची बारीक घासणी हलक्या हातानं फिरवा, नक्षीच्या खाचांत जुना टूथब्रश. खोल ओरखडा असेल तेवढ्याच जागी ८०० नंबरचा पेपर, पाण्यासोबत.

प्रमोटरचा हात इतका पातळ की ओलसर दिसावा, बस्स. तो घासायचा नाही, आणि त्यावर रंग किती मिनिटांत मारायचा ते डब्यावर दिलेलं असतं, ते पाळायचं. मग लवचीक रंग, व्हिनाइल आणि प्लास्टिकसाठीचा, साटीन किंवा मॅट. वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून, तीन-चार विरळ हात. पहिल्या हातात सगळं झाकायची घाई केली की ओघळ आलाच. चकचकीत रंग डॅशबोर्डवर कधीच नको. संध्याकाळी फोंड्याहून पणजीकडे निघालात की सूर्य समोर असतो, डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेवर पडलं तर रस्ता दिसत नाही.

आधी भंगारातून एखादा तुटका कप्पा आणा आणि त्यावर हात बसवा.

सत्तरीची_वाट
सगळे रंगाचंच बोलताहेत, म्हणून लिहिते. डॅशबोर्डचा वरचा भाग रंगवू नका, निदान आता नको. पांढरटपणा नेहमीच प्लास्टिक मेल्याचा नसतो. आमच्या वाळपईच्या गाडीत निम्मा पांढरटपणा म्हणजे पावसाळ्यातली बुरशी आणि जुन्या पॉलिशचा थर निघाला. धुतल्यावर रंग पुष्कळ परत आला. आणि डाव्या बाजूला एअरबॅग असेल तर तिच्या झाकणावर रंग नकोच. ते ठरलेल्या रेषेवर फाटून उघडायला हवं. एअरबॅगच्या तारांचे पिवळे कनेक्टर दिसले की त्यांना हात लावायचा नाही. दारांची आतली प्लास्टिकची पॅनेलं काढण्याआधीही बॅटरीची ऋण तार सोडून गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांबा.

क्लिपा दुपारी काढा, गाडी उन्हात तासभर उभी राहिल्यावर. गार जुनं प्लास्टिक काडकन मोडतं.

मांडवीकाठ
मनापासून आभार. चवथीपर्यंत फक्त धुलाई आणि मुठी. एक राहिलं, आर्मरेस्टची नक्षी पुरती गेलीय. त्याचं काय करावं?

रापणकार
गेलेली नक्षी रंगानं येत नाही. सपाट जागा नव्या रंगात जास्तच उठून दिसते. दुसरा आर्मरेस्ट भंगारात मिळतो का बघा, नाहीतर कापड चढवा.

मांडवीकाठ (फेब्रुवारी)
काम झालं, म्हणून कळवतो. मुठींना दोन संध्याकाळी लागल्या, खाली खरंच काळं प्लास्टिक निघालं, रंग लावलाच नाही. डॅशबोर्ड तीनदा धुतला, सत्तरीच्या ताईंचं बरोबर निघालं, तसाच ठेवलाय. कप्पे आणि एसीची पट्टी जानेवारीत बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत), चादरींचा आडोसा करून फवारली. पट्टी पहिल्यांदा ओघळली, पुसून पुन्हा केली. कप्प्यांवर चिकटपट्टी दाबून ओढली, रंग जागचा हलला नाही.

आर्मरेस्टला दुसरा मिळत होता. बाबा परवा गाडीत बसले, नेहमीसारखं कोपर तिथे टेकवलं आणि म्हणाले, हा बदलू नको. साबणानं पुसून तसाच ठेवलाय.