परमिट आणि 'बर्न डे' या दोन वेगळ्या गोष्टी

कॅलिफोर्नियात सिएरा डोंगररांगेच्या पायथ्याशी जागा घेतलेल्यांचा एक प्रश्न: कॅल फायरचं (राज्याच्या वन आणि अग्निशमन खात्याचं) जाळण्याचं ऑनलाइन परमिट मिळालं, आता पाइनचा पालापाचोळा कधीही जाळता येईल का?

नाही. परमिट मिळवणं सोपं आहे: साइटवर व्हिडिओ बघा, पत्ता भरा, प्रिंट काढा. साधारण 1 मेपासून राज्याच्या अग्निसुरक्षा हद्दीत ते लागतंच. पण त्या दिवशी जाळायला मुभा आहे की नाही, म्हणजे तो 'बर्न डे' आहे का, हे तुमच्या भागातलं हवा नियंत्रण मंडळ ठरवतं. त्यांची रेकॉर्डेड लाइन रोज सकाळी ऐकायची. ऐन उन्हाळ्यात बंदी लागली की परमिट असूनही जाळता येत नाही.

ढीग 4 फूट रुंद, 4 फूट उंच, त्याहून मोठा नको. भोवती 10 फूट नुसती माती दिसेपर्यंत खरवडा. बहुतेकांची चूक इथेच होते: वरचा पाला ओढतात, पण खालचा पाइनच्या सुईसारख्या पानांचा कुजका थर राहतो आणि आग आतून सरकते. पाणी भरलेला होज आणि फावडं हाताशी हवं, आणि विझेपर्यंत एक मोठं माणूस तिथेच. वारा सुटला तर लगेच विझवा. घरचा कचरा, रंगवलेलं लाकूड, प्लास्टिक अजिबात नाही. घरगुती कचऱ्यासाठी बर्न बॅरलही (जाळण्याचं पिंप) चालत नाही.

विझवताना नुसतं पाणी ओतून भागत नाही. राख फावड्याने उलटीपालटी करा, पुन्हा पाणी, मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघा. आग पसरली तर विझवण्याचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो, परमिट असलं तरी.