घरच्या रास्पबेरी पायवर ओनियन साइट, पब्लिक आयपी नाही, जमेल का?

खटपट्या:
मंडळी, जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) पडलाय, त्यावर माझी छोटी साइट टॉरवर (ओळख लपवणारं नेटवर्क, त्यावरच्या साइटला ओनियन साइट म्हणतात) टाकायचीय, साधी एचटीएमएल पानं आहेत, भानगडीचं काही नाही, फक्त साइट कोणाच्या घरून चालते हे कळू नये. पण आमचा केबलवाला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा नेटचा पत्ता, देत नाही, राउटरमध्ये पोर्ट उघडून पाहिला, शून्य उपयोग. डोमेन, एसएसएल (एनक्रिप्शनचं सर्टिफिकेट) पण विकत घ्यायला लागेल का?

लिनक्सवाले काका:
काहीच नको. टॉर तुझ्या पायवरून स्वतःच बाहेर कनेक्शन करतो, बघणारा आणि तू दोघं मधल्या एका रिलेवर (टॉरमधला मधला सर्व्हर) भेटता, त्यामुळे पोर्ट उघडायची भानगडच नाही. टॉरआरसी या टॉरच्या सेटिंग फाइलमध्ये दोन ओळी, एकीत फोल्डर, दुसरीत पोर्ट, मग रिस्टार्ट. फोल्डरात होस्टनेम नावाची फाइल येईल, त्यात ५६ अक्षरी पत्ता. (नेटवर १६ अक्षरी पत्तेवाले लेख दिसले तर सोड, ते २०२१ मध्येच बंद झाले.) एनक्रिप्शन त्यातच आहे. स्पीडची अपेक्षा मात्र ठेवू नको, दोन्हीकडचे मिळून सहा टप्पे होतात, फोटो बारीक करून टाक.

रात्रपाळी:
काकांचं बरोबर, पण टॉर फक्त रस्ता लपवतो, बाकी सगळं तू स्वतःच सांगून बसतोस. वेब सर्व्हर अपाचे असेल तर आधी मॉड स्टेटस (सर्व्हरवर काय चाललंय ते दाखवणारं पान) बंद कर. ते पान फक्त लोकल मशीनला दिसावं अशी सेटिंग असते, आणि टॉरवरून येणारा प्रत्येक माणूस अपाचेला लोकलच वाटतो, म्हणजे गावभर उघडं! सर्व्हर १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच मशीनपुरता, ठेव. आणि फोटोतलं जीपीएस काढ बाबा, लोक हेच विसरतात.

खटपट्या:
भारी, धन्यवाद दोघांना. आमच्याकडे लाइट सारखी जाते, पत्ता बदलेल का मग?

रात्रपाळी:
नाही, पत्ता त्या फोल्डरातल्या सीक्रेट कीवर ठरतो. पायचं मेमरी कार्ड उडालं तरी की असली की तोच पत्ता परत, म्हणून पेनड्राइव्हवर कॉपी ठेव, पण दुसऱ्याच्या हाती गेली तर तोही तुझ्या पत्त्यावर साइट चालवेल. लाइटचा घोळ वेगळाच आहे, तुमच्या भागातली लाइट गेली की दर वेळी साइट पण बंद, कोणी नोंद ठेवली तर गाव शोधायला वेळ नाही लागणार. पाय आणि राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर टाक.