मदत हवी आहे : पार्किंगमध्ये पाणी, पावसाळी गटारासाठी अर्ज कुणाकडे द्यायचा?

विंग_बी :
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. जोराचा पाऊस लागला की अर्ध्या तासात आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. परवा रात्री पुन्हा तेच झालं, मीटर बोर्डाच्या खाली वीतभर जागा राहिली होती, मेन स्विच पाडला आणि मोबाईलच्या उजेडात पहाटे चारपर्यंत बादल्यांनी पाणी उपसलं. वर तिसऱ्या मजल्यावर ऑक्सिजन लावलेले आजोबा आहेत, त्यांचं मशीन बंद पडलं, सिलेंडर होता म्हणून निभावलं. आता पाऊस असाच कोसळणार हे सगळे सांगतायत, मग शहराने त्या हिशोबाने गटारं करायला नकोत का? मला एवढंच सांगा, आमच्या गल्लीत पावसाळी गटार मिळावं म्हणून अर्ज कुणाच्या नावाने करायचा आणि काय लिहायचं. दोन ऑफिसं फिरलो, हे म्हणतात त्यांच्याकडे जा, ते म्हणतात यांच्याकडे. फॉरमॅट असेल तर टाका, सोमवारी द्यायचाय.

गोदाकाठ :
नाशिकचा कुठला भाग ते लिहिलंच नाही. पूररेषेत आहात का? निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत असाल तर गटार टाकून काही होणार नाही, नदीच आत येते. आम्ही सराफ बाजारवाले, २००८, २०१६, २०१९ तिन्ही पाहिलेत. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं असं कळलं की दुकानातला माल वर चढवायला घ्यायचा, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलंय.

विंग_बी :
नदी लांब आहे हो. पाथर्डी फाट्याच्या बाजूला आहोत. अर्ज कुणाकडे ते सांगा.

सौर_नाशिक :
दादा, मीटर बोर्डाचा विषय निघालाच आहे तर सोसायटीने सोलर करून घ्या. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे सगळं त्यावर चालतं. आमचं बिल निम्म्याहून कमी झालंय. हवामानासाठी काही करायचं तर सुरुवात छतावरून करा.

विंग_बी :
आमच्याकडे लिफ्टच नाहीये. पाण्याचं बोला.

मेरी_रोड :
भाऊ, दोन ऑफिसं का फिरलात ते सांगतो. पावसाळी गटार महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे असतं आणि घरातलं सांडपाणी नेणारी भुयारी गटार मलनिस्सारणवाल्यांकडे. तुम्ही नुसतं "ड्रेनेज" म्हणालात की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. नाशिकमध्ये सहा विभाग आहेत, पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको आणि नाशिकरोड. तुमची घरपट्टी ज्या विभागात भरता तिथे बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या नावाने अर्ज द्या, प्रत विभागीय अधिकाऱ्यांना. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. महिन्याभरात काही हललं नाही तर माहिती अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत, एकच विषय. "माझ्या गल्लीचा पावसाळी गटारांचा नकाशा आणि शेवटची सफाई कधी झाली त्याची नोंद" एवढंच मागा. "का केलं नाही" असं विचारलं की उत्तर येत नाही.

सिव्हिलवाला :
थांबा थांबा. अर्जाआधी एक सांगा, पाणी येतं कुठून? रस्त्यावरून गेटमधून आत, का चेंबरमधून वर? प्लॉट किती चौरस मीटरचा? टेरेसचे पाईप कुठे सोडलेत?

विंग_बी :
पाणी ते पाणी, त्यात काय फरक. रस्ता दोनदा काँक्रीट झाला आणि आमच्या गेटपेक्षा वर गेला, सगळं त्यामुळेच.

सिव्हिलवाला :
फरक असा की उपाय बदलतो. खाली जाऊन बघा आणि सांगा.

अंबडकर :
शोषखड्डा करा, विषय संपला. आमच्याकडे केला, एक थेंब रस्त्यावर जात नाही. प्रत्येक सोसायटीने केलं तर शहराला गटारं लागणारच नाहीत.

सिव्हिलवाला :
तुमच्याकडे मुरूम असेल म्हणून मुरलं. नाशिकची जमीन सगळीकडे सारखी नाही, कुठे पाच फुटांवर काळा कातळ लागतो, त्यात खड्डा केला तर ती नुसती टाकी होते, भरली की वाहते. आधी खणून पाणी ओतून बघायचं, तासात किती उतरतं ते.

अंबडकर :
मग बोअरमध्ये सोडा. कातळाच्या भेगांत जातं.

सिव्हिलवाला :
गाळल्याशिवाय बोअरमध्ये सोडलं तर टेरेसवरची कबुतराची घाण सगळ्यांच्या पिण्यात. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर काढायचं, मग खडी-वाळूच्या फिल्टरमधून. हे कुणी करत नाही म्हणून सांगतोय.

तपोवन_मित्र :
रस्ते भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट, फुटपाथला पेव्हर, झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट, पाणी मुरणार कुठे? आणि कुंभासाठी तपोवनातली झाडं तोडायला निघाले होते तेव्हा कितीजण आले होते रस्त्यावर? एक मोठं झाड किती पाणी धरतं याचा विचार करा.

मेरी_रोड :
मुद्दा बरोबर आहे पण त्यासाठी वेगळा धागा काढा ना. इथे माणूस सोमवारच्या अर्जासाठी थांबलाय.

तपोवन_मित्र :
वेगळा कसा? साईडपट्टी मोकळी ठेवा हे याच अर्जात लिहिता येतं. हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, म्हणून पडतो तेव्हा बदाबदा पडतो. जुन्या पावसाच्या मापाने टाकलेले पाईप पुरणार कसे?

विंग_बी :
आत्ता दुपारच्या सरीत खाली जाऊन बघितलं. रस्त्यावरून येतंय ते थोडंच, गेटपाशी बोटभर. खरं पाणी मागच्या चेंबरमधून येतं. झाकण उचकटल्यासारखं हलत होतं आणि कडेने साबणाचा फेस वर येत होता, वास पण तसाच. प्लॉट ५४० मीटर. टेरेस साधारण ३००. टेरेसचे चारही पाईप त्याच चेंबरला जोडलेत, बिल्डरने तसंच दिलेलं, आम्हाला वाटलं असंच असतं.

सिव्हिलवाला :
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं भाऊ. हिशोब करा, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. तुमच्या ३०० मीटरवर तासात ५० मिलिमीटर पडला तर १५,००० लिटर, म्हणजे मोठा दीड टँकर, घरातल्या सांडपाण्यासाठी टाकलेल्या पाईपात. पुढची लाईन भरली की ते तुमच्याच पार्किंगमध्ये उलटं येणार, आणि ते संडासाचं पाणी आहे, लहान मुलांना त्यात उतरू देऊ नका. टेरेसचं पाणी आधी त्या चेंबरमधून तोडा.

निवृत्त_जेई :
सहमत. आणि एक नियमाचं, यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर नवीन बांधकामाला पावसाचं पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे, ती चालू ठेवणं सोसायटीवर आहे. तुमच्या मंजूर नकाशात असं काही दाखवलंय का बघा. नकाशात खड्डा आणि जागेवर पेव्हर हे मी नोकरीत खूप पाहिलंय. अर्जात "माझी वसुंधरा" अभियानाचा उल्लेख जरूर करा, २०२० पासून राज्य सरकार शहरांना भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाचावर गुण देतं, पावसाचं पाणी जिरवणं त्यात मोजलं जातं. सोसायटी स्वतःचं पाणी जिरवतेय आणि उरलेल्यासाठी गटार मागतेय, असा अर्ज वाचला जातो.

माई_इंदिरानगर :
नगरसेवकांना पण भेटा. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं महापालिकेत प्रशासकच होते, तेव्हा सांगायला माणूस नव्हता, आता आहे. आणि त्या आजोबांना पाऊस आहे तोवर वर्गणी काढून इन्व्हर्टर घेऊन द्या बाळा, गटार होईल तेव्हा होईल.

सौर_नाशिक :
बॅटरीवाला सोलर घेतलात तर तेही काम होईल.

विंग_बी :
माई, इन्व्हर्टरचं आजच ग्रुपवर टाकतो, हे आधी सुचायला हवं होतं. प्लंबर रविवारी येतोय पाईप तोडायला. मागच्या कोपऱ्यात पेव्हर उचकटून तीन फूट खणून बघतो मुरूम आहे का कातळ. नकाशा जुन्या सेक्रेटरींकडे आहे, ते पुण्याला असतात, फोटो मागवलाय. सिव्हिलवाला, तीन फुटांवर कातळच लागला तर चार पाईपांचं पाणी तात्पुरतं कुठे सोडू? रस्त्यावर सोडलं तर समोरच्या बंगल्यात जाईल, त्यांचं जोतं आमच्यापेक्षा खाली आहे.