मदत हवी आहे: घरात उलट्या-जुलाब झाले आहेत, कडक भाकरीचे काम पुन्हा केव्हा सुरू करावे?

नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि घरी ज्वारीच्या कडक भाकरी करून देण्याचे काम करतो. मी, जाऊबाई आणि शेजारच्या एक मावशी मिळून भाकरी थापतो, भाजतो, मंद आचेवर कडक करतो आणि निवल्यावर हातानेच मोजून पिशव्यांत भरतो. बराचसा माल एका खानावळीत जातो आणि उरलेला बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले नेतात.

या आठवड्यात माझ्या चार वर्षांच्या मुलाला बालवाडीतून आल्यावर अचानक उलट्या सुरू झाल्या. त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या जाऊबाईंना दुसऱ्या दिवशी तोच त्रास झाला आणि पाठोपाठ सासूबाईंनाही. ताप किरकोळ होता, शौचातून रक्त गेले नाही, पण सुरुवातीला घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हते. डॉक्टरांनी हा पोटातील विषाणूंचा संसर्ग असावा असे सांगून ओआरएस द्यायला सांगितले आणि प्रतिजैविकांची गरज नाही असेही सांगितले. मुलगा आता खेळू लागला आहे आणि जाऊबाईंचे जुलाब कालपासून थांबले आहेत; सासूबाई मात्र अजून अशक्त आहेत. ओआरएसची चव त्यांना नको वाटते, आणि सलाईन लावल्याशिवाय अंगात ताकद येणार नाही असे त्यांचे ठाम मत आहे. त्यांना रक्तदाबाची गोळीही चालू आहे.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्याने ते हौदात साठवावे लागते. त्यामुळे हे पाण्यातून आले की मुलाकडून, हे कसे ओळखावे? मुलाला रोटाव्हायरसची लस दिलेली असूनही असे का व्हावे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भाकरीचे काम किती दिवस बंद ठेवावे? भाकरी तर तापलेल्या तव्यावर भाजली जाते, मग धोका राहतो का? खानावळीचे मालक रोज विचारतात आणि काम थांबले की घरखर्चाची ओढाताण होते, हे खरे आहे. पण माझ्या हातच्या भाकरीमुळे परगावी एकट्या राहणाऱ्या एखाद्या मुलाला असा त्रास व्हावा, हे मला सहन होणार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, मी अनेक वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. तपासणीशिवाय विषाणूचे नाव खात्रीने सांगता येत नाही, पण आपण दिलेले वर्णन नोरोव्हायरसशी जुळते. तो शरीरात गेल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत लक्षणे दिसतात आणि बहुतेकांना १ ते ३ दिवसांत उतार पडतो. पाणी दूषित असते तर घरातील बरेच जण आणि त्याच पाण्यावरचे शेजारी जवळपास एकाच वेळी आजारी पडले असते. आपल्याकडे एकाकडून दुसऱ्याकडे गेलेले दिसते. तरीही पिण्याचे पाणी सध्या खळखळ उकळूनच वापरा. लस वाया गेलेली नाही. राष्ट्रीय लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आलेली ती लस रोटाव्हायरसच्या गंभीर आजारापासून वाचवते, नोरोव्हायरसपासून नाही.

सासूबाईंकडे आज जास्त लक्ष द्या. ओआरएसमधील ग्लुकोज आणि मीठ आतड्याच्या पेशींत जोडीने शिरतात आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेतात. म्हणून पुडी मोठी असेल तर बरोबर एक लिटर पाण्यातच कालवावी आणि पुडीवरचे प्रमाण आधी वाचावे. कमी पाण्यात कालवले तर ते जास्त खारट आणि घातक होते, आणि चवीसाठी साखर वाढवली तर जुलाब वाढतात. लिटरची बाटली भरून ठेवा आणि चमच्या-चमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. पेज आणि ताक सोबत जरूर द्यावे, पण ओआरएसऐवजी नाही. सलाईनचा आग्रह मी वॉर्डात रोज ऐकला आहे. त्यांना सांगा की १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ असताना सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी पाजले आणि शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४ च्या खाली आले. रक्तदाबाच्या गोळीबद्दल मात्र आजच डॉक्टरांना फोन करा, कारण अंगातील पाणी कमी झालेले असताना काही गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो. स्वतःच्या मनाने ती बंदही करू नका. सहा-आठ तास लघवी झाली नाही, गुंगी आली, उभे राहताच चक्कर आली, शौचातून रक्त गेले किंवा तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले, तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. तेव्हा सलाईन खरोखरच लागते. मुलाला जुलाब झाले असतील तर झिंकची गोळी रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी एकूण १४ दिवस देतात; तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

आता भाकरीविषयी. तव्यावर भाजताना विषाणू मरतो, पण आपण निवलेली भाकरी हाताने मोजता आणि भरता, धोका तिथे आहे. आजारी व्यक्तीची लक्षणे पूर्ण थांबल्यावर निदान ४८ तास तिने अन्नाला हात लावू नये. त्यानंतरही हा विषाणू शौचावाटे दोन आठवडे किंवा अधिक काळ बाहेर पडत राहतो, म्हणून साबण आणि वाहत्या पाण्याने बोटांच्या बेचक्यांसह वीस सेकंद हात धुणे अनिवार्य आहे. सॅनिटायझर यावर फारसा चालत नाही. उलटी झालेली जागा कागदाने टिपून घ्यावी आणि ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (जंतुनाशक ब्लीचचे द्रावण) असल्यास लिटरभर पाण्यात २० मिलिलिटर मिसळून त्याने पुसावी, पाच मिनिटे ओली ठेवावी. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि त्यात संडास धुण्याचे ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

मूळ प्रश्नकर्ती:

मनापासून आभार, ताई. सासूबाई आता चमच्याने घेत आहेत आणि दुपारी लघवीही झाली. डॉक्टरांनी गोळीबाबत सांगितले आहे, त्याप्रमाणे करत आहोत. खानावळीला मी आजच कळवले. एक शंका राहिली: मी स्वतः बरी आहे आणि मावशी तर आमच्या घरी या दिवसांत आल्याच नाहीत. मग आम्ही दोघींनी काम सुरू केले तर चालेल का?

प्रतिसाद:

मावशींनी स्वतःच्या घरी, स्वतःच्या पिठाने काम केले तर हरकत नाही. आपण मात्र सासूबाईंचे सगळे करत आहात; लक्षणे दिसायला ४८ तास लागू शकतात, म्हणून सासूबाईंच्या उलट्या-जुलाब थांबल्यापासून ४८ तास मोजा आणि तोपर्यंत आपल्याला काही झाले नाही तरच परातीला हात लावा. आजारपणात घरात उघड्या राहिलेल्या भाकरी विकू नका. त्याआधी भरून ठेवलेल्या पिशव्या असतील तर त्या चालतील.