जेनेटिक अल्गोरिदममध्ये सगळी पॉप्युलेशन लवकर एकसारखी होते. वैविध्य कसे टिकवावे?

प्रश्न

टीएसपीएलआयबी या संग्रहात सर्व ठिकाणांना एकदाच भेट देऊन परतणारी सर्वांत लहान फेरी शोधण्याची उदाहरणे आहेत. त्यातील ‘बर्लिन ५२’ हे उदाहरण मी जेनेटिक अल्गोरिदमने, म्हणजे उत्तरांच्या समूहातून (पॉप्युलेशन) पिढ्यान्‌पिढ्या निवड आणि संकर करत चांगले उत्तर शोधणाऱ्या पद्धतीने, सोडवत आहे. ५२ ठिकाणांच्या या फेरीची किमान लांबी ७५४२ आहे, माझा प्रोग्रॅम मात्र त्याच्या बराच वर अडकतो. पॉप्युलेशन १०० ची आहे, निवड सात जणांच्या टूर्नामेंटने (यदृच्छेने घेतलेल्या सात फेऱ्यांतून सर्वांत लहान घेऊन) होते आणि सर्वोत्तम फेरी पुढच्या पिढीत तशीच जाते. थोड्याच पिढ्यांत सगळ्या फेऱ्या सारख्या होतात आणि मग क्रॉसओव्हरमधून (दोन फेऱ्यांचे तुकडे जोडण्यातून) नवे काही निघत नाही. म्युटेशनचा (फेरीतील यादृच्छिक बदलांचा) दर वाढवला, तर चांगल्या फेऱ्याही मोडतात. यावर उपाय काय?

उत्तर १

म्युटेशनला हात लावण्यापूर्वी निवडीचा दाब (सरस फेऱ्यांना किती झुकते माप मिळते) तपासावा. क्रॉसओव्हर आणि म्युटेशन बंद ठेवून केवळ निवड चालवली, तर एकाच उमेदवाराच्या प्रतींनी पॉप्युलेशन भरायला किती पिढ्या लागतात, याचे सूत्र गोल्डबर्ग आणि देब यांनी १९९१ मध्ये दिले. त्यानुसार १०० उमेदवारांसाठी दोघांच्या टूर्नामेंटमध्ये सुमारे ९ पिढ्या लागतात, सातांच्या टूर्नामेंटमध्ये जेमतेम ३. इतक्या कमी वेळात दोन वेगळ्या फेऱ्यांमधले चांगले तुकडे एकत्र येणे कठीणच. टूर्नामेंट दोनवर आणून पाहा.

उत्तर २

वरील सूचना योग्य आहे, परंतु दाब कमी केल्याने वैविध्याचा ऱ्हास लांबतो, थांबत नाही. माझ्या मते येथे डिटरमिनिस्टिक क्राउडिंग वापरावे. डी जाँग यांच्या १९७५ च्या क्राउडिंगमध्ये सुधारणा करून माहफूद यांनी ते १९९२ मध्ये मांडले. यात पालकांच्या जोड्या यदृच्छेने लावतात, प्रत्येक अपत्याची गाठ त्याच्याशी अधिक साम्य असलेल्या पालकाशी घालतात आणि अपत्य सरस ठरले तरच ते त्या पालकाची जागा घेते. त्यामुळे एक चांगली फेरी आपल्यासारख्यांनाच हटवू शकते, दूरच्या वेगळ्या फेरीला नाही. शिवाय सर्वोत्तम फेरी आपोआप टिकते, तिच्यासाठी वेगळी सोय लागत नाही.

मात्र साम्य मोजताना काळजी घ्यावी. सुरुवातीचे ठिकाण आणि दिशा बदलून एकच फेरी १०४ प्रकारे लिहिता येते, म्हणून क्रमांकांची जागेवार तुलना केल्यास एकाच फेरीच्या दोन प्रती अगदी भिन्न भासतात आणि नसलेले वैविध्य दिसू लागते. दोन फेऱ्यांमध्ये किती कडा (लागोपाठच्या ठिकाणांच्या जोड्या) सामाईक आहेत, हेच मोजावे.

प्रश्नकर्ता

कडांची तुलना करून पाहतो. एनएसजीए-२ या दुसऱ्या जेनेटिक अल्गोरिदममधील क्राउडिंग डिस्टन्स येथे चालेल का?

उत्तर २

येथे ते उपयोगी पडणार नाही. ते अंतर उद्दिष्टांच्या मूल्यांवरून काढले जाते आणि अनेक उद्दिष्टे असलेल्या प्रश्नांसाठी आहे. आपले उद्दिष्ट एकच, म्हणजे लांबी. तेव्हा समान लांबीच्या दोन सर्वस्वी वेगळ्या फेऱ्यांमधील अंतर त्या मोजमापात शून्य ठरेल आणि जे वैविध्य जपायचे, तेच नजरेआड होईल.