वारसा यादीत टाकलं, पण दुरुस्ती कोणी करायची?

जुनी_तुळई:
खासगी इमारत वारसा यादीत गेली की मालकाच्या हाती पडतात ती फक्त बंधनं. खिडकी बदलायची तर परवानगी, छप्पर शाकारायचं तरी परवानगी, आणि पैसे त्यानेच घालायचे. सवलत न देता नुसती यादी केली तर मालक इमारत पडायचीच वाट बघतो. पन्हाळ तुंबते, तुळईचं टोक कुजतं, कोणी हात लावत नाही. पडली की भूखंड मोकळा. ब्रिटनमध्ये नवीन घर बांधलं तर व्हॅट शून्य, जुन्याच्या दुरुस्तीवर साधारणपणे 20 टक्के. यादीतल्या इमारतींच्या मंजूर फेरबदलांना सूट होती, तीही 2012 मध्ये गेली. पाडून नवं बांधणंच स्वस्त करून ठेवलंय!

करदाता:
अजिबात पटलं नाही. इमारत त्यांची, भाडं त्यांचं आणि डागडुजी आमच्या पैशातून? न्यूयॉर्कचं जुनं पेन स्टेशन 1963 पासून पाडलं, तेव्हा अडवणारा कायदा नव्हता. 1965 मध्ये कायदा आला. पुढे तिथल्याच ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनवर टॉवर बांधू दिला नाही म्हणून मालक कंपनी सुप्रीम कोर्टात गेली आणि 1978 मध्ये हरली. स्टेशन आजही उभं आहे, ते बंधनामुळे.

जुनी_तुळई:
त्याच निकालात कोर्टाने हेही लक्षात घेतलं होतं की कंपनीला न वापरलेला बांधकामाचा हक्क जवळच्या भूखंडांवर वापरता येतो. म्हणजे टीडीआर. तिजोरीतून थेट अनुदान न देताही मोबदला देता येतो.

चुन्याची_घाणी:
पैसा कोणाचा यावर भांडताय, तो भिंतीवर काय करतो तेही बघा. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, विटेचे पापुद्रे सुटतात. चुना मुरायला आठवडे लागतात, पण अनुदान आर्थिक वर्ष संपायच्या आत खर्च करायचं आणि काम सर्वांत कमी दराच्या निविदेला द्यायचं! त्यापेक्षा न दिलेलं बरं. अमेरिकेत 20 टक्के कर-सवलत मिळते ती काम मानकांप्रमाणे झाल्याचं प्रमाणित झालं तरच, आणि पाच वर्षांच्या आत इमारत विकली तर सवलतीची वसुली होते.

करदाता:
ती सवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच आहे. मालक स्वतः राहतो त्या घराला नाही. हॉटेलवाल्याचं भलं होणार आणि घरात राहणारा तसाच. द्यायचीच असेल तर वर्षातले काही दिवस लोकांना आत येऊन बघू द्यायची अट घाला.

जुनी_तुळई:
हॉटेलला घाला, जरूर घाला. राहत्या घरात सक्ती नको. तिथे रस्त्यावरून दिसणारा दर्शनी भाग शाबूत राहिला तरी पुरे. आणि त्याच घरांना पहिली मदत द्या, छप्पर आणि पन्हाळीपासून.